वन्संच्या हातावरचे थेंब

वन्सं आधी आवाजाने आत आल्या आणि मग अंगाने. "हीच का ती खुर्ची? कुणी पुसलीये का नाही?" एवढं कानावर पडलं आणि चाचणीच्या खोलीत बाटल्या मांडणाऱ्या नाजूकबाईने हातातली बाटली खाली ठेवली. वीसेक वर्षं उलटली होती, पण हा आवाज तिने सरणावरसुद्धा ओळखला असता. तिने तोंडावरचा मास्क नाकावर नीट ओढून घेतला आणि मगच मान वळवली.

नाजूकबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते वन्संचंच दान. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे नांदायला गेलेली, पण माहेरच्या चुलीवरचा ताबा न सोडलेली. नाजूकबाईला शेंगदाण्याचं वावडं होतं. चिमूटभर पोटात गेले तरी अंगावर गांधी उठायच्या, घसा आवळायचा. तिच्या आईने लग्नाआधीच हे सासरी स्पष्ट सांगितलं होतं, हात जोडून सांगितलं होतं. वन्सं त्यावर म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे आजवर असलं कुणाला झालं नाही." जसं काही तो त्यांच्या खानदानाचा पराक्रम!

मग लग्नानंतर रोजचंच झालं. तिने रश्श्यात काय घातलंय असं विचारलं की, "अगं, नाजूकबाईंना दाखवा बरं पातेलं, नाहीतर कोमेजतील." सगळे हसायचे. नवराही हसायचा. तो वाईट नव्हता, पण कणा नावाची वस्तू देव वाटत होता तेव्हा तो बहुधा बहिणीला विचारायला गेला असावा.

आणि मग वन्संच्या मुलाचा वाढदिवस आला. वन्संचं घर माणसांनी भरलेलं. रस्सा वन्संनी स्वतः केला होता, आणि तिने विचारल्यावर आपल्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून "दाणे नाहीत" म्हणून सांगितलं होतं. तिने दोनदा वाढून घेतला. तेव्हा वन्सं टाळी वाजवून उभ्या राहिल्या. "बघा मंडळी! मूठभर दाणे वाटून घातलेत त्यात. झालं काही? ही बघा ठणठणीत बसलीये!" हशा पिकला. तो विरायच्या आत तिचे ओठ बधिर झाले, कानांत शिट्टी वाजायला लागली आणि ती खुर्चीवरून खाली आली. तर वन्सं म्हणतात काय, "सांगितल्यावर बरोबर झालं! सांगितलं नसतं तर तिसऱ्यांदा मागितला असता हिने." वन्संनी तिचा दंड धरून तिला ओढलं. "ऊठ, पुरे झालं नाटक."

श्वास मिळत नसताना माणसाला काय दिसतं ते तिला अजून आठवत होतं. तिला नवऱ्याचे पाय दिसले होते, आणि वर, त्याच्या हातात जेवणाचं ताट. बायको पायाशी तडफडत होती आणि त्याने ताट खाली ठेवलं नव्हतं. तिला दवाखान्यात नेलं ते एका परक्या पाहुण्याने. तिथून ती परत त्या घरी गेलीच नाही. नवरा एकदाच भेटायला आला, म्हणाला, "ताई म्हणते ते अगदीच खोटं नसेल गं, मनावर घेतलं की होतं असं." त्या वाक्याने संसार मोडला. दाण्यांनी नव्हे.

पुढे ती हेच काम शिकली. वावड्याची चाचणी करायचं. हातावर पेनाने खुणा करायच्या, प्रत्येक खुणेशी एकेका गोष्टीचा थेंब ठेवायचा. घरातली धूळ, बुरशी, गवताचे पराग, मांजराचे केस, झुरळ, मग खाण्याचे जिन्नस. थेंबातून सुईने त्वचेला नुसतं टोचायचं, रक्तसुद्धा येत नाही, आणि वाट बघायची. ज्याचं वावडं त्याच्या जागी गांधी उठते. तिला हे काम आवडायचं याचं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. घरादाराने जे खोटं ठरवलं होतं ते इथे हातावर फुगून वर यायचं, आणि पट्टी लावून मोजता यायचं.

थेंबांच्या ओळीत दोन थेंब राखणीचे असतात. एक साध्या पाण्यासारखा, त्याने कुणालाच काही होऊ नये. दुसरा उलटा. तो कुणाच्याही हातावर ठेवा, गांधी उठणारच. चाचणी नीट चाललीये की नाही हे त्यावरून कळतं. दवाखान्यात त्याला सगळे हमखासचा थेंब म्हणत.

वन्सं खुर्चीत बसल्या. अंग सुटलं होतं, केस विरळ झाले होते, पण तोरा तोच. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना फक्त मास्क, टोपी आणि चष्मा दिसला.

"काय होतं तुम्हाला?" नाजूकबाईने विचारलं.

"काय नाही होत ते विचारा, ताई! सकाळी उठले की शिंका. झाडू मारला की दम लागतो. आणि कोळंबी खाल्ली की ओठ हे असे सुजतात. मागच्या वेळी घसासुद्धा धरला. पण घरात कुणाला सांगायची सोय आहे का? सून म्हणते, आई, तुमचं जरा अतीच असतं."

नाजूकबाईच्या हातातलं पेन थांबलं. एखाद्याने जखमेवर मीठ चोळावं आणि वर चव कशी आहे ते विचारावं, तसं झालं तिला.

"शिंकांच्या गोळ्या बंद केल्यात ना चाचणीसाठी?"

"केल्यात, केल्यात."

तिने खुणा केल्या. धूळ, झुरळ, बुरशी, कोळंबी, हे थेंब जिथे तिथे ठेवले. मग शेंगदाण्याच्या खुणेपाशी आली आणि तिचा हात शेंगदाण्याच्या बाटलीवरून पुढे सरकून हमखासच्या बाटलीवर गेला. शेंगदाण्याच्या जागी हमखासचा थेंब. अंड्याच्या जागी हमखासचा. दुधाच्या जागीही तोच. मग झाकणं लावून तिने बाटल्या जिथल्या तिथे ठेवल्या.

तिला वन्संना मारायचं नव्हतं. छे! मेलेल्या माणसाला कळतं काय? तिला त्यांना जेवणाच्या टेबलावर बसवायचं होतं, त्या खुर्चीत, जिथून प्रत्येक वाटीत काय आहे ते विचारावं लागतं आणि विचारल्यावर बाकीचे एकमेकांकडे बघून डोळे मोडतात. बसा म्हणावं आता. जन्मभर बसा.

गांधी उठल्या. वन्संना खाज सुटली आणि त्या हात झटकायला लागल्या. "खाजवायचं नाही," नाजूकबाई म्हणाली. हे ती सगळ्यांनाच सांगायची, पण इतक्या गोड आवाजात तिने ते याआधी कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टरबाई घाईत होत्या, तरी त्यांनी विचारायचं ते विचारलं. "धूळ आणि झुरळ, दोन्हीचं वावडं दिसतंय. कोळंबीचंही, आणि ते नवल नाही, झुरळ आणि कोळंबी नात्यातलीच."

"झुरळ? आमच्या घरी?" वन्संना वावड्यापेक्षा तो अपमान जास्त लागला.

"आणि दाणे, अंडं, दूध. हातावर उठलं म्हणजे वावडं आहेच असं नसतं हं. खाल्ल्यावर काही होतं का तुम्हाला?"

इथे खरं तर सगळा डाव फसायचा. कारण वन्सं रोज दूध पीत होत्या, दाणे मुठीने खात होत्या. त्या "नाही बाई" एवढं म्हणाल्या असत्या तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण इतक्या दिवसांनी कुणीतरी त्यांचं दुखणं मन लावून ऐकत होतं. त्या लगेच म्हणाल्या, "होतं ना! दाण्यांनी घसा खवखवतो. दूध तर पचतच नाही. आणि अंड्याचं तर विचारूच नका." नाजूकबाई मास्कच्या आत हसली. खोटं बोलायची खोड काही जात नाही माणसाची.

काही आठवड्यांनी वन्सं परत आल्या, सुनेला घेऊन. गाल बसले होते. त्या डॉक्टरबाईंना सांगत होत्या ते नाजूकबाईने दारातून ऐकलं. घरात कुणी नीट सांगत नाही कशात काय घातलंय ते. विचारलं की पोरं हसतात. काल मुलगा म्हणाला, आईसाठी वेगळा आचारी ठेवू या. हे सांगताना वन्संचा आवाज चिरकला. नाजूकबाईला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोला, उन्हातून आल्यावर गार पाणी प्यावं तसं वाटलं.

वन्सं तपासणीसाठी रक्त द्यायला गेल्या तेव्हा सून चाचणीच्या खोलीत डोकावली. तरतरीत, हसऱ्या तोंडाची बाई. तिने दार लोटून घेतलं.

"ताई, एक गंमत सांगू? कुणाला बोलू नका. सगळं नाटक आहे सासूबाईंचं."

"म्हणजे?"

"मी घातलंय ना सगळं! न सांगता. शिऱ्यात दूध घातलं, पाण्यातला आहे म्हणून सांगून. केकमध्ये अंडी. रश्श्यात दाणे वाटून घातले. साधी शिंकसुद्धा नाही आली!" तिने टाळीसाठी हात पुढे केला. "आता रविवारी माझ्या लेकाचा वाढदिवस आहे. सगळे नातेवाईक येणार. सूपमध्ये कोळंबी अशी बारीक वाटून घालते, आणि त्यांनी वाटी संपवली की सगळ्यांसमोर सांगते. एकदाचं भूत उतरेल."

नाजूकबाईला खोली लहान झाल्यासारखी वाटली. तेच घर, वाढदिवसही तसाच, आणि तोच हशा पिकायचा बाकी. "कोळंबी नका घालू," ती म्हणाली. "कोळंबीचं खरं आहे."

"आणि दाण्यांचं खोटं होतं? एकाच दिवशी, एकाच हातावर केलीत ना चाचणी तुम्ही?"

तिने समोरची बाटली उगाच सरळ केली. बोलायचं तर आपण काय केलं ते सांगावं लागणार होतं. "प्रत्येक वावडं वेगळं असतं," ती पुटपुटली.

"तुम्ही पण ना, ताई! डॉक्टरांच्या माणसांना तसंच बोलावं लागतं म्हणा." सून हसत निघून गेली.

मधले दिवस नाजूकबाईने कसे काढले ते तिचं तिला माहीत. पहिल्यांदा आनंद झाला, आणि तो चोरून झालेला आनंद होता. माझा हात कुठे लागतोय यात? पेरलं त्यांनीच, उगवलंय त्यांच्याच घरात, वाढणारही त्यांचीच सून. मग भाजी चिरताना मधेच हात थांबायचा. सुनेच्या तोंडून वन्सं बोलत होत्या, यात शंका नव्हती. पण सुनेला हे बोलायची हिंमत कुणी दिली? शेंगदाण्याच्या खुणेवरच्या थेंबाने. ती दोनदा डॉक्टरबाईंच्या दारापर्यंत गेली. नोकरी जाईल, हे काम जाईल, आणि या कामाशिवाय तिच्याजवळ स्वतःचं असं काहीच नव्हतं. दोन्ही वेळा ती दारावरून परत फिरली.

रविवारी दुपारी तिने आपली नेहमीची पर्स उघडून पाहिली. श्वास बंद पडला तर मांडीत द्यायचं इंजेक्शन दाण्यांच्या भीतीपायी ती कायम जवळ बाळगायची. ते जागेवर होतं. पत्ता कुणाला विचारायची गरज नव्हती. वाटेत तिने स्वतःला बजावलं की आपण त्यांच्यासाठी जात नाही. मग कुणासाठी जातोय, याचं उत्तर काही तिला सापडलं नाही.

दार उघडंच होतं. फुगे, माणसं, लांबलचक टेबल. सून सूपच्या वाट्या मांडून झाल्यावर हात पुसत उभी होती, आणि वन्संच्या हातात वाटी होती. भिंतीपाशी नाजूकबाईचा एकेकाळचा नवरा ताट घेऊन उभा होता, केस पांढरे, खांदे पूर्वीपेक्षा खाली.

मास्क लावूनच ती आली होती, तो तिने काढला. "वन्सं, वाटी खाली ठेवा. त्यात कोळंबी आहे."

आधी कुणालाच कळेना ही कोण बाई. मग वन्संचे डोळे बारीक झाले. "नाजूकबाई? तू?"

"मीच. तुमच्या हातावर थेंब मी ठेवले होते. दाणे, अंडं, दूध, हे तिन्ही मी खोटे उठवले. सूड म्हणून. म्हणून सुनेने ते घातल्यावर तुम्हाला काही झालं नाही. पण कोळंबीचं खरं आहे. धुळीचं खरं आहे, झुरळाचं खरं आहे. वाटी ठेवा."

सुनेचा चेहरा उतरला. "आई, ठेवा वाटी," ती म्हणाली. तिला हे एका क्षणात समजलं होतं.

पण वन्संना आजवर कुणी काही समजावू शकलं होतं का? त्या सगळ्यांकडे बघत होत्या. सून सांगते, आणि वरून ही सांगते! भरल्या घरात या दोघींचं ऐकून वाटी खाली ठेवायची? "हिने खोटं उठवलं म्हणे! मग तेही खोटंच असेल," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं झाली तरी हिची नाटकं संपली नाहीत." आणि त्यांनी वाटी तोंडाला लावली.

वाटी टेबलावर ठेवताना त्या हसत होत्या. थोड्याच वेळात हसणं वाकडं झालं, कारण खालचा ओठ सुजला होता. त्यांनी गळ्याला हात लावला. एक शिट्टीसारखा आवाज आला, तो त्यांच्याच छातीतून येत होता. त्या खुर्चीवरून खाली आल्या.

कुणीही हललं नाही. नाजूकबाईला हे ओळखीचं होतं. कुणाचा तरी मोबाइल वर झालेला, कुणी हसावं की ओरडावं या विचारात, आणि भिंतीपाशी तो, हातात ताट घेऊन.

ती गुडघ्यांवर बसली. वन्सं उठून बसायला बघत होत्या, त्यांनी तिचा हात घट्ट धरला. तिने त्यांना खांद्यांनी दाबून आडवं केलं. "उठायचं नाही. कुणीही उठवायचं नाही यांना. पाय वर घ्या यांचे. अॅम्ब्युलन्स बोलवा." सुनेने धावत येऊन पाय उचलले, रडत होती ती. नाजूकबाईच्या मुठीत इंजेक्शन होतं आणि खाली वन्संचे डोळे होते, भीतीने फुटायला आलेले. हेच बघायचं होतं तिला इतकी वर्षं. ती थांबली. एक श्वासभर थांबली, हे आपण लपवायला नको.

मग तिने साडीवरूनच मांडीत सुई खुपसली आणि दाबून धरली.

"मरायचं नाही, वन्सं," ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली. "मेलात तर मी काय करू? मला तुम्ही जिवंत हव्या आहात."

औषध भिनायला वेळ लागतो, तेवढा वेळ घरात एका छातीच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मग घरघर सैल झाली. चेहऱ्यावर रंग आला. वन्संचे ओठ अजून सुजलेले होते, त्यांतून शब्द पुरते बाहेर पडत नव्हते.

"तुला पण... असंच झालं होतं?"

"असंच."

वन्सं छताकडे बघत राहिल्या. डोळ्यांतून पाणी कानांत उतरत होतं. "खरं होतं तुझं," त्या म्हणाल्या, जेमतेम तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

नाजूकबाईला वाटलं होतं, हे ऐकलं की आपलं मन भरेल. नाही भरलं. तिला माहीत होतं की उद्या सकाळी आपण डॉक्टरबाईंच्या दारावरून परत फिरणार नाही, आणि मग ती खोली, त्या बाटल्या, काही आपलं राहणार नाही. त्याची किंमत एवढ्या कुजबुजीत वसूल होणार नव्हती.

"परत म्हणा," ती म्हणाली. "मोठ्याने. तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला होतात ना नाटक? आता हेही सगळ्यांसमोर म्हणा."

"बास करा ना, मरता मरता वाचल्यात त्या," सून हुंदके देत म्हणाली.

"मीही वाचले होते."

बाहेर अॅम्ब्युलन्सचा आवाज गल्लीत वळला. वन्संनी डोळे मिटले, श्वास गोळा केला, आणि त्या अर्ध्या बसलेल्या घशाने, खाली जमिनीवर पडल्या पडल्या, सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तिचं खरं होतं. नाटक नव्हतं ते. दाणे मी घातले होते."

भिंतीपाशी उभ्या असलेल्या त्या माणसाने तेव्हा कुठे हातातलं ताट खाली ठेवलं.